सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे?

आमच्या महाविद्यालयाने ग्रंथालयासाठी कोहा ही संगणकप्रणाली घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी सहायक ग्रंथपाल होते. दाखल नोंदवही, वर्गीकरण, देवघेव, बारकोड चिकटवणं, सगळं हाताखालून गेलेलं. तरी पहिल्या कार्यशाळेत मी पार गोंधळून गेले. पडद्यावर पुस्तकाच्या नावाऐवजी आकडेच आकडे : लेखक 100, शीर्षक 245, विषय 650. शेजारच्या संगणकावर काळ्या पडद्यावर लिनक्सच्या आज्ञा धावत होत्या. तिथे सगळे पुरुष. आम्ही बायका मागच्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होतो. एका संयोजकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, तुम्ही एंट्र्यांचं बघा, सर्व्हरचं सर बघतील."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण काउंटरवर आणि तालिकीकरणाच्या टेबलावर बायका आणि सर्व्हरपाशी एकही नाही, ही विभागणी कुणी केली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना.

घरी येऊन मी त्या आकड्यांच्या मागे लागले. ती मार्क पद्धत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 1960च्या दशकात ती उभी केली हेन्रिएट अव्हराम या बाईंनी. त्या मुळात प्रोग्रामर, तालिकीकरण नोकरीत आल्यावर शिकल्या. आज जगभरची ग्रंथालयं एकमेकांच्या नोंदी उतरवून घेऊ शकतात, ती त्या कामामुळे. कोहाची गोष्टही तशीच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती. रोझली ब्लेक तिथल्या ग्रंथालयप्रमुख आणि जोअन रॅन्सम त्यांच्या सहकारी. त्यांनी महागडी तयार प्रणाली घेण्याऐवजी कातिपो या छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली. जानेवारी 2000मध्ये ती सुरू झाली आणि पुढे सगळ्यांना मोकळी करून दिली. म्हणजे ज्या दोन गोष्टींपुढे मी बावरले होते, त्या दोन्हींच्या मुळाशी बायका होत्या. हे कार्यशाळेत कुणी एका वाक्यात सांगितलं असतं, तरी मागच्या रांगेतल्या आम्ही जरा ताठ बसलो असतो.

मग कळलं, की कोहात भर घालायला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. कुणी एखादी दुरुस्ती लिहिली, की ती लगेच प्रणालीत जात नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी ती वापरून बघावी लागते आणि चालते असं आपल्या नावानिशी नोंदवावं लागतं. त्याला 'साइन-ऑफ' म्हणतात. नंतर गुणवत्ता तपासणारी मंडळी ती पुन्हा बघतात. चाचणीसाठी आपल्या संगणकावर काही बसवावंही लागत नाही; सँडबॉक्स नावाची तयार प्रत ब्राउझरमध्येच उघडते.

मग मीही एक दुरुस्ती तपासायला घेतली. ती लेखकांच्या नामनोंदींच्या शोधाबद्दलची होती. चाचणीच्या पायऱ्या लिहून ठेवलेल्या होत्या, पण उदाहरणं सगळी रोमन लिपीतली. मी देवनागरीत नोंद केली : 100मध्ये 'बालकवी', 400मध्ये, म्हणजे पर्यायी नावाच्या जागी, 'ठोमरे, त्र्यंबक बापूजी'. मग शोधाच्या चौकटीत नुसतं 'ठोमरे' टाकलं. बालकवींची नोंद समोर आली! त्र्य आणि ठो नीट उमटलेत ना, हेही बघितलं. वाचक काउंटरवर येऊन यातलं कुठलं नाव विचारेल, हे मला वर्षानुवर्षांच्या कामाने ठाऊक होतं. दुरुस्ती लिहिणाऱ्या परदेशी माणसाला ते कसं कळावं? साइन-ऑफची ओळ माझ्या नावानिशी त्या दुरुस्तीला जोडली गेली. तो दिवस मी विसरणार नाही.

म्हणून मला वाटतं, बायकांचा सहभाग हा उपकार म्हणून देण्याचा विषय नाही. रोज हजार नोंदी हाताळणाऱ्या माणसांना बाहेर ठेवून केलेली प्रणाली अधुरीच राहते. 2024मध्ये कोहाच्या आवृत्त्यांची सूत्रं जर्मनीच्या काटरिन फिशर यांच्याकडे होती, आणि त्याही ग्रंथालयाच्याच क्षेत्रातल्या. आपल्याकडे अडतं ते साध्या गोष्टींवर. कार्यशाळा परगावी मुक्कामी असते, घरात लहान मूल असतं, आणि पत्र आलं की नाव जातं सरांचं.

प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना माझी विनंती आहे : पुढच्या कार्यशाळेला तालिकीकरण करणाऱ्या बाईंचं नाव पाठवा. तिथे त्यांना कीबोर्डसमोर बसू द्या. आणि त्या परत आल्या, की सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याकडेही द्या.