धाव

मराठीच्या प्राध्यापकाने गाडीच्या टायरवर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. पण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात महिनाभर जो वाद चालला तो ह्याच विषयावर होता. पैसा, प्रतिष्ठा, एका मुलाचे लग्न आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावी लागणारी माणसे, हे सगळे त्यात गुंतलेले होते.

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबे माणिकगडच्या डोंगरात आली, त्यांपैकी आमचे एक. वडील नांदेडकडून बैलगाडीने आले. इथे आधीपासून कोलामांचे आणि गोंडांचे गुडे होते. त्यांच्या शेजाराने आम्ही शेती केली आणि हळूहळू जिवतीचे झालो. मी शिकून नोकरीसाठी खाली उतरलो. थोरला भाऊ कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवत वरच राहिला. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी, अंगाने मोठी, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिला सतरा इंची, चकचकीत मॅगव्हील बसवले होते. पुतण्याला ती गाडी आवडली ती मुख्यतः ह्या चाकांमुळेच.

गडचांदूरहून वर येणारा रस्ता डांबरी आहे. मुख्य रस्ता सोडून गुड्यांकडे वळले की खरी परीक्षा सुरू होते. वर काळी माती, खाली मुरूम, आणि कडेला जमिनीतून डोके वर काढलेले दगड. गेल्या श्रावणात एका रात्री अशाच वाटेने कळा सुरू झालेल्या एका बाईला गडचांदूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे होते. गाडी चिखलात एका अंगाला घसरली, दगडाने टायरची बाजू चिरली आणि रिमला तडा गेला. पावसात, मोबाइलच्या उजेडात चाक बदलण्यात पाऊण तास गेला. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. पण त्या पाऊण तासात गाडीत बसलेल्या सासूने एकही शब्द काढला नव्हता, हे भाऊ अजून सांगतो.

टायर घ्यायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा त्यावर लिहिलेला मजकूर नीट वाचला. २३५/७० आर १६ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिमचा व्यास १६ इंच. 'आर' म्हणजे रेडियल. हा आकडा ज्याला वाचता येतो त्याला दुकानदाराच्या बोलण्यातले निम्मे अंतर लगेच कळते. आमच्यासमोर तीन पर्याय होते: २३५/७० आर १६, २३५/६५ आर १७ आणि पुतण्याच्या मनातला २३५/६० आर १८. कागदावर हिशेब मांडला. तिन्ही चाकांची बाहेरची उंची अनुक्रमे ७३५, ७३७ आणि ७३९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सारखीच. चाक मोठे केल्याने गाडी जमिनीपासून फारशी उंच होत नाही. फक्त धातू वाढतो आणि रबर घटते. बाजूच्या भिंतीची उंची १६४ वरून १५३, आणि तिथून १४१ मिलिमीटरवर येते. दगडाचा मार झेलायला रिमच्या भोवती जी हवा आणि रबर असते, तेच कमी होते. तळव्यात खिळा घुसला तर पंक्चरवाला अर्ध्या तासात काम करून देतो. बाजूची भिंत चिरली तर टायर टाकूनच द्यावा लागतो. लोखंडी रिम वाकली तर हातोड्याने ठोकून तात्पुरती सरळ करता येते. मॅगव्हीलला तडा गेला की गावात त्याला इलाज नाही.

रुंदीबद्दलही असाच गैरसमज आढळतो. वाळूत रुंद टायर तरंगतो, हे खरे. पण आमच्या वाटांवर चिखल वीतभर आणि खाली मुरूम. इथे अरुंद टायर चिखल कापून खालची टणक जमीन धरतो. काळी माती नक्षीत भरली की चांगला टायरही गुळगुळीत होतो, म्हणून नक्षीच्या गोट्यांमध्ये अंतर हवे. मात्र निव्वळ चिखलासाठी बनवलेले एम.टी. टायर ओल्या डांबरावर कमी धरतात आणि फार आवाज करतात. आमची निम्मी धाव डांबरावर असल्याने मधला मार्ग, म्हणजे ए.टी., हाच योग्य होता. शिवाय चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. फोर-व्हील लावल्यावर ह्या गाडीत पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने बांधले जातात. टायर कमी-जास्त उंचीचे असले तर त्याचा ताण गिअरवर येतो. म्हणजे दोन घेऊन भागत नाही. चार आणि स्टेपनी मिळून पाच घ्यावे लागतात. (स्टेपनी हा आपण घरचा मानलेला शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आला. १९०४ साली तिथे जादा चाक बनवायला सुरुवात झाली.)

पुतण्याचे म्हणणे मात्र ह्या हिशेबात बसत नव्हते. "काका, लोखंडी सोळा इंच लावले तर गाडी भाड्याची दिसेल," तो म्हणाला. मी हसलो नाही. जिवतीत वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न जुना आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने बिगर-आदिवासींकडे १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागितला. सत्तरच्या दशकात आलेल्या माणसाने तो कुठून आणावा? पन्नास वर्षे कसलेल्या जमिनीचा सातबारा आमच्या नावावर नाही. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणे आधीच अवघड झाले आहे. त्यात पाहुणे सातबारा विचारतात. घरात सरकारी शिक्क्याने नावावर असलेली एकच मोठी वस्तू आहे, ती म्हणजे ही गाडी. पाहुणे अंगणात पाऊल टाकतात तेव्हा पहिल्यांदा तीच दिसते. तेव्हा चाके चकचकीत असावीत असे त्याला वाटणे हा निव्वळ पोरकटपणा नव्हता.

वाद मिटला तो वडिलांच्या बोलण्याने. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसते तिला ते धाव म्हणतात. आज आपण टायर म्हणतो तीच ही. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चढवतो आणि वर पाणी ओततो; ती आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना एकत्र आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल होते, म्हणून चाके पाण्यात बुडवून ठेवायची. "नांदेडहून निघताना गाडीला रंग नव्हता," वडील पुतण्याला म्हणाले, "पण धाव नवी चढवली होती. बैल विकावा लागला असता तरी चढवलीच असती. वाटेत चाक उलगडलं असतं तर तुझा बाप तिथंच कुठंतरी जन्मला असता."

पुतण्याने सोळा इंची लोखंडी रिम मान्य केल्या. त्यांना काळा रंग द्यायचा, एवढी अट घातली. ती रास्तच होती. चंद्रपूरच्या दुकानात त्यानेच पाचही टायरांवरचे चार अंकी आकडे वाचून पाहिले. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर न वापरताही म्हातारे होते, हे त्याला ठाऊक होते. एक टायर चार वर्षांपूर्वीचा निघाला; तो त्याने परत करून नवा मागितला.

आता कोणा गुड्यावरून रात्री फोन आला की भाऊ आधी हवा तपासतो आणि मग चावी लावतो. पाहुणे अजून येतात, गाडीकडे पाहतात आणि मग सातबाऱ्याचे विचारतात. त्या प्रश्नाला कोणत्याही मापाचे चाक पुरे पडणार नाही, हे पुतण्यालाही कळते. म्हणून पट्ट्याच्या अर्जाची फाइल त्याने स्वतःकडे घेतली आहे, आणि तहसीलला जाण्यासाठी तो हीच गाडी काढतो.