माझ्या दुर्बिणी

माणसाच्या आयुष्यात किती दुर्बिणी याव्यात, याचं काही शास्त्र नाही. माझ्या आयुष्यात आजवर चार आल्या. आमच्या सौभाग्यवतींच्या हिशेबानं त्यांतल्या तीन अनावश्यक होत्या. कोणत्या तीन, हे मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही.

पहिली अण्णांनी आणली. ते पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात फिटर होते आणि आम्ही जवळच संत तुकाराम नगरात राहत होतो. अजूनही तिथंच राहतो. १९९२ साली, मी तेरा वर्षांचा असताना, त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून ती उचलली. ७×५० ची, कातड्यानं मढवलेली, किलोभर वजनाची. सात म्हणजे पाखरू सातपट जवळ, आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पन्नासाला सातानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते, हे अण्णांनी मला पाटीवर मांडून दाखवलं. ती सात मिलिमीटर येते. म्हणूनच तिन्हीसांजेला, नुसत्या डोळ्यांना झाडसुद्धा धड दिसेनासं झालं, तरी तिच्यातून ढोलीतल्या पिंगळ्याचे पिवळे डोळे दिसत.

पंधरा दिवसांत मी ती जिन्यावरून पाडली. दुर्बिणीच्या पोटात काचेचे लोलक असतात. उलटी प्रतिमा सुलटी करणं हे त्यांचं काम. त्यांतला एक जागचा हलला आणि एका तांबटाचे दोन तांबट दिसू लागले. अण्णांनी अख्खा रविवार घालवला. लांबच्या विजेच्या तारेवर नेम धरायचा, बारीक स्क्रू पिळायचा, पुन्हा बघायचं. पण दोन तारांची एक तार काही होईना. शेवटी म्हणाले, "राहू दे रे. एक डोळा मिटला की एकच दिसतं." तेव्हापासून ते उजवा डोळा मिटून बघत. मीही मिटू लागलो. आमच्या घराण्यात पाखरं एका डोळ्यानंच बघायची रीत पडली.

दुसरी मी घेतली, २००५ मध्ये, तासिका तत्त्वावरच्या नोकरीच्या पैशांतून. दहापासून तीसपटीपर्यंत वाढणारी! दुकानातून समोरच्या रस्त्यावरची पाटी वाचली आणि हुरळून गेलो. मग भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला गेलो. पक्षी तीसपट जवळ येतो, तसा हाताचा कंपही तीसपट होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे रोहित लेझीम खेळत होते.

तिसरी अगदी खिशात मावणारी, ८×२१ ची. दिवस वर आल्यावर उत्तम दिसे. पाखरांची वेळ मात्र पहाटेची. त्या दोघीही पुढे पावसाळ्यातल्या बुरशीनं गेल्या. जुनी तेवढी टिकली. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या अण्णा तिच्या पेटीत जपून ठेवत.

(दुर्बीण हा शब्द मूळचा फारसी. दूरचं बघणारी. मास्तरकीची खोड, दुसरं काय!)

चौथी २०१७ ची, ८×४२. सरळ नळ्यांची, आत नायट्रोजन भरलेला, म्हणून बुरशीची भीती नाही. चष्म्यासकट डोळा लावता येतो. शेवग्यावरच्या चष्मेवाल्या पाखराला मी चष्म्यातून पाहिलं तेव्हा दोघांनाही बरं वाटलं असावं. पहिल्याच सकाळी गच्चीवर ती अण्णांच्या हाती दिली. त्यांनी उजवा डोळा मिटला.

"अण्णा, दोन्ही उघडे ठेवा. हिच्यात एकच दिसतं."

"सवय झालीय रे."

ही गंमत मी पुढच्या दोन दिवाळ्या पाहुण्यांना सांगत होतो.

२०१९ मध्ये अण्णांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याची कडेची नजर कमी झालेली. हे एका दिवसाचं नव्हे, म्हणाले. बरीच वर्षं चाललं असेल. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. आणि हा आजार घराण्यात उतरू शकतो, तेव्हा तुम्हीही दरवर्षी डोळे तपासून घ्या.

पाखराच्या डोळ्याभोवतीचं कडं पांढरं की पिवळं, यावरून मी मित्रांशी तास तास वाद घातले आहेत.

रिक्षात मी विचारलं, "अण्णा, उजव्यानं दिसत नाही हे तुम्हांला कधी जाणवलं?"

त्यांनी थोडा विचार केला. "तसं काही नाही. पण तू नवी आणलीस ना, त्याच्या आधी एकदा जुनी लावताना चुकून दोन्ही डोळे उघडे राहिले. बघतो तर घार एकच! म्हटलं, लोलक आपोआप जागेवर बसला. तुला सांगणार होतो, राहून गेलं."

आता अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. २०२२ पासून जवळून मेट्रो धावते. तिच्या खांबांवर कबुतरं असतात. त्यांना दुर्बीण लागत नाही. ऑक्टोबरात धोबी आले, हे अण्णांनी नुसत्या आवाजावरून माझ्या आधी सांगितलं.

परवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून जुनी दुर्बीण निघाली. गॅलरीत नेऊन मी दोन्ही डोळे उघडे ठेवून ती लावली. समोर केबलच्या तारेवर वेडा राघू बसला होता. दोन तारा, दोन राघू.

"बसलाय ना लोलक?" अण्णांनी विचारलं.

"बसलाय," मी म्हटलं, आणि उजवा डोळा मिटला.