एकटीचा दर

ती. आत्यास,



परवा फोनवर तू विचारलंस, "एका खोलीत सहा परक्या बायका, आणि तू त्याला छान म्हणतेस?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. शिवाय मला तुला एक गोष्ट पटवायची आहे, आणि तुला काही पटवायचं असलं की सावकाश, मुद्द्याला मुद्दा जोडून लिहावं लागतं. तसं लिहायला तूच शिकवलंस.

तुझ्या कपाटात थायलंडच्या टूरचं माहितीपत्रक आहे. त्यातला दर 'ट्विन शेअरिंग'चा, म्हणजे खोलीत दोघं धरून. एकटं माणूस असेल तर वरची रक्कम वेगळी. तू ती रक्कम वाचलीस, पत्रकाची घडी घातलीस आणि "राहू दे, आपल्याला काय करायचंय" म्हणालीस. तेव्हापासून ते मला टोचतंय. तू जन्मभर स्वतःच्या पगारावर राहिलीस, शाळेच्या सहली वेरूळपासून रायगडापर्यंत नेल्यास, पन्नास पोरी धर्मशाळेत झोपवून स्वतः दाराशी झोपलीस. अशा बाईने परदेशी जायचं ठरवलं की तिला रिकाम्या राहणाऱ्या दुसऱ्या खाटेचे पैसे मागतात. हॉटेलवाल्याची बाजू मला कळते. त्याचा हिशेब खोलीवर चालतो, एकजण झोपलं काय आणि दोघं झोपली काय, चादरी आणि एसी तेवढाच. पण थायलंडमध्ये मी राहिले तशा हॉस्टेलचा हिशेब खाटेवर चालतो. माणूस एक, खाट एक, दर एक. मी दिला तोच दर माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीने दिला, आणि तू आलीस तर तूही तोच देशील: रात्रीला चारशे बाट, आपले साधारण हजार-अकराशे रुपये.

आता ही खाट कुठे आहे ते सांगते. माहितीपत्रकात फुकेत म्हणून जो किनारा छापलाय तो पातोंगचा. मी राहिले ती फुकेतच्या जुन्या गावात. पातोंग तिथून पंधराएक किलोमीटर, मधे डोंगर. गावाला पोहण्याजोगा किनारा नाही, त्यामुळे मोठी रिसॉर्टं दुसरीकडे गेली आणि जुन्या गल्ल्या बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या.

हे गाव कथिलावर उभं राहिलं. तुमच्या घरी पितळी पातेल्यांना कल्हई करायला जे कथिल लागायचं, तेच. एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुजियान प्रांतातून होक्किएन माणसं इथल्या खाणींवर मजुरीला आली, पुष्कळशी आजच्या मलेशियातल्या पेनांगमार्गे. काही मजूर म्हणूनच मेली, काही खाणमालक झाली. इथल्या बायकांशी त्यांनी लग्नं केली, आणि त्या घराण्यांना आज बाबा किंवा पेरानाकान म्हणतात. थालांग रस्ता, डिबुक रस्ता, क्राबी रस्ता इथली घरं त्यांची. १९८५ मध्ये जगाच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला आणि खाणींचे दिवस संपले. त्यानंतर फुकेत बेट जगलं ते पाहुण्यांवर.

घरांची रचना तुला फार आवडेल. दर्शनी भाग अरुंद, चार-पाच मीटर, आणि आत घर लांबच लांब गेलेलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वरच्या मजल्यावर कमानदार खिडक्या, झडपांच्या लाकडी दारांच्या. पुढे रस्त्याला लागून झाकलेली वाट असते, घराच्या वरच्या मजल्याखालून जाणारी, आणि ती एका घरातून पुढच्या घरात सलग चालू राहते. ऊन असो, पाऊस असो, माणूस तिथून चालतं. १८२२ मध्ये इंग्रज अधिकारी रॅफल्सने सिंगापूरच्या आखणीत हा नियम घातला की प्रत्येक घरापुढे अशी झाकलेली सलग वाट हवीच, आणि तीच रीत पेनांगमार्गे इथवर आली. मधल्या काळात फुकेतमध्ये पुष्कळ घरमालकांनी आपापल्या पुढचा तुकडा भिंत घालून आत घेतला होता. थालांग रस्त्यावर आता या वाटा बऱ्याच ठिकाणी पुन्हा मोकळ्या दिसतात, वरच्या विजेच्या तारांचं जंजाळही जमिनीखाली गेलंय.

आणि घराच्या पोटात, आत्या, वाईच्या वाड्यात होता तसाच चौक. वर आभाळ उघडं, खाली विहीर. लांबलचक घराला उजेड आणि वारा मिळावा म्हणून. मी राहिले त्या हॉस्टेलने तो चौक झाकला नाही, याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तिथे काचेचं छत टाकून चार खाटा सहज बसल्या असत्या, म्हणजे रोजचे सोळाशे बाट. त्याऐवजी तिथे फर्न लावलेत, विहिरीवर जाळी बसवली आहे, आणि पाऊस आला की तो घराच्या मधोमध पडतो. मोसमी पाऊस तिथेही नैर्ऋत्येचाच, फक्त कोकणाच्या आधी पोचतो. एका दुपारी आम्ही चौघीजणी चौकाच्या कडेने नुसत्या बसून होतो. कोणी फोन काढला नाही.

जुन्या दुकानाच्या जागी आता काउंटर आणि बसायची जागा. फरशी मूळची, नक्षीच्या सिमेंट टाइल्सची, मधे काही तुकडे नवे घातलेत आणि ते नवे दिसतात, जुने भासवायचा प्रयत्न नाही. भिंतीचा एक पट्टा प्लास्टर न करता ठेवलाय म्हणजे आतली वीट दिसते. दारात चपला काढायच्या. वर गेलं की बायकांची खोली, पुढच्या कमानदार खिडक्यांची, एकावर एक अशा सहा खाटा.

तुझी खरी शंका खाटेबद्दल होती, म्हणून नीट सांगते. लोखंडी पलंग नव्हे. जाड फळ्यांची, भिंतीत पक्की केलेली खाट, वरचीने कूस बदलली तर खालचीला कळत नाही. तीन बाजूंनी लाकूड, चौथ्या बाजूला जाड सुती पडदा. पडदा ओढला की आतलं जग तुझं. उशाशी छोटा दिवा, त्याचा उजेड पुस्तकापुरता, शेजारणीच्या डोळ्यावर येत नाही. चष्मा ठेवायला हाताच्या अंतरावर फळी. फोनसाठी प्लग उशापाशीच. कपड्याला खुंटी. खाटेखाली खण, त्याला आपलं कुलूप लावायचं. खालच्या मजल्यावर न्हाणीघरं, प्रत्येकात अंघोळीची जागा वेगळी आणि कपडे बदलायची कोरडी जागा वेगळी, खुंट्या पुरेशा, आणि त्या पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत अशा उंचीवर.

ही यादी तुला किरकोळ वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. आजवर आपण ज्या स्वस्त जागांत राहिलो, तिथे खुंटी नव्हती म्हणून तू साडी दाराच्या कडीवर टाकून अंघोळ केलीस, दिवा नव्हता म्हणून अंधारात औषधाची पट्टी चाचपलीस. पैसे कमी दिले म्हणजे एवढं सोसायचंच, असं आपण धरूनच चाललो. या घरात कुणीतरी बसून विचार केलाय, की चारशे बाट देणारी बाई रात्री उठली तर तिचा चष्मा कुठे असेल. सौंदर्य म्हणशील तर मला ते टाइल्सपेक्षा जास्त इथे दिसलं.

फांगंगा रस्त्यावर ऑन ऑन नावाचं १९२९ पासूनचं हॉटेल आहे. 'द बीच' हा लिओनार्दो डिकॅप्रिओचा २००० सालचा सिनेमा तुझ्या भाच्याने तुला दाखवला होता बघ, त्यातलं सुरुवातीचं बँकॉकचं कळकट गेस्ट हाउस, पातळ भिंतींचं, ते खरं तर हे ऑन ऑन. जगभर लाखो लोकांच्या मनात थायलंडमधल्या स्वस्त मुक्कामाचं चित्र त्या खोलीने घडवलं: घाण, नशा, शेजारचा अनोळखी माणूस. तुझ्याही मनात तेच आहे, तू बोलली नाहीस तरी. तेच हॉटेल पुढे दुरुस्त झालं, 'द मेमरी ॲट ऑन ऑन' या नावाने उघडलं, आणि पांढऱ्याशुभ्र कमानींनी आज रस्त्याची शोभा झालंय. मी मुद्दाम समोर उभी राहून पाहिलं. सिनेमातलं चित्र मनातून काढायला मला ते पुरलं, तुलाही पुरेल.

माझ्या खोलीत कोण होतं? हाट याईहून परीक्षेसाठी आलेली एक थाई मुलगी, जी पडद्याआड पुटपुटत पाठांतर करायची. युरोपातली एक परिचारिका, सलग रात्रपाळ्या करून सुट्टीवर आलेली, पहिले दोन दिवस नुसती झोपली आणि आम्ही सगळ्या चोरपावलांनी वावरलो. आणि पेनांगच्या एक बाई, तुझ्याच वयाच्या, खालच्या खाटेवर. त्यांच्या आजीचं माहेर फुकेतचं. अशाच घरात त्या लहानपणी आल्या होत्या, म्हणाल्या, आणि आता ओळखीचं कुणी उरलं नाही, पण घरात झोपायला तर मिळतं. सकाळी त्या मला थालांग रस्त्यावर रोटी खायला घेऊन गेल्या. तव्यावरची पदराची रोटी, सोबत वाटीत रस्सा, आणि दाट दुधाचा चहा. या रस्त्यावर भारतातून आलेल्या मुसलमान कापड व्यापाऱ्यांची जुनी दुकानंही आहेत, ताग्यांचा तो ओळखीचा वास दारातूनच येतो. आम्ही तिथे तासभर कापड पाहत उभ्या होतो. घेतलं काहीच नाही.

त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की जिना चढता येतो ना.

तर ते खरंच अवघड आहे, आणि लपवून तुला बोलवायचं नाही. जिना लाकडी, उभा, आणि लिफ्ट नाही. न्हाणीघर रात्री खाली उतरून. खोलीत कोणी पहाटेच्या विमानाला निघालं की पिशव्यांचा आवाज होतोच, पडदा आवाज अडवत नाही. काही हॉस्टेलं वयाची अट घालतात, साठीच्या माणसाला घेत नाहीत, म्हणून आधी विचारावं लागतं. किनाऱ्याला जाणाऱ्या निळ्या सोंगथेव, म्हणजे मागे बाकं टाकलेल्या उघड्या गाड्या, रानोंग रस्त्याच्या बाजारापासून सुटतात, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. मग टॅक्सी, आणि ती महाग. नळाचं पाणी प्यायचं नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर नाणं टाकून बाटली भरायची यंत्रं असतात. आणखी एक गोष्ट मनाला लागते. गल्लीत जितकी हॉस्टेलं आणि कॅफे वाढतात, तितकी राहती घरं कमी होतात. अजून काही दारांतून आतला देव्हारा आणि पेपर वाचणारे आजोबा दिसतात. अशा दारासमोर उभं राहून फोटो काढू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

जेवणाची तू काळजी करतेस, तर त्यावरून एक विचार. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस फुकेतमध्ये शाकाहाराचा उत्सव असतो, आणि बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राशीच जुळतो. १८२५ च्या सुमारास काथूच्या खाणवस्तीत आलेल्या चिनी नाटक मंडळीत आजार पसरला, त्यांनी हे व्रत धरलं आणि सगळे बरे झाले, अशी तिथली कथा आहे. त्या नऊ दिवसांत गावभर पिवळ्या पताका, माणसं पांढऱ्या कपड्यांत, आणि पताका लावलेल्या प्रत्येक गाडीवर मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. तुझं नवरात्र तिथे मोडणार नाही, म्हणून त्याच दिवसांत जाऊ. मिरवणुकांत फटाके भयंकर असतात, आणि अंगात आलेली माणसं गालातून सळया आरपार घालतात, ते तुला बघवणार नाही. त्या वेळी आपण क्राबी रस्त्यावरच्या थाई हुआ संग्रहालयात बसू. १९३४ ची चिनी शाळेची इमारत आहे, आत खाणींचा आणि इथे येऊन वसलेल्या माणसांचा इतिहास मांडलाय. शाळेची इमारत म्हटल्यावर तू तिथून लवकर निघणार नाहीस, हे धरूनच मी वेळ ठेवीन. रविवारी संध्याकाळी थालांग रस्ता गाड्यांना बंद असतो आणि बाजार भरतो, तो मात्र चुकवायचा नाही.

मी सोबत येईन, पण खाटा दोन वेगळ्या घेऊ, तुझी खालची. तुझे पैसे तूच भर, मी भरले तर तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. उत्सवात खाटा लवकर संपतात, म्हणून या आठवड्यात नक्की कळव. पासपोर्टची मुदत बघ, प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवी. आणि एक छोटं कुलूप घेऊन ठेव, आकड्यांचं, किल्लीचं नको.

तुझी भाची