शेवटून पहिली

निपाणीची माझी मामेबहीण आठवीत आहे. यंदा शाळेच्या स्पर्धेत ती २०० मीटरमध्ये पहिली आली आणि पुढच्या फेरीसाठी निवडली गेली. दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन. "तू शिकलेली हाईस. तूच समजावून सांग की तिला. पळून कुणाचं भलं झालंय?"

रविवारची मिस्सा आटोपून मी बेळगाव स्टँडवर बस धरली.

मामांनी मलाच का सांगितलं ते मला ठाऊक होतं. पीयूसीच्या पहिल्या वर्षी मीही २०० मीटर पळाले होते आणि हीटमध्ये शेवटची आले होते. "शेवटून पहिली!" म्हणून मैत्रिणी हसल्या, मीही हसले. पण त्या दिवशी बूट माळ्यावर गेले ते गेलेच. घरी सांगितलं, अभ्यास वाढलाय. ते खोटं होतं.

बसमध्ये मी मेरी डिसूझाबद्दल वाचत होते. वांद्र्याची, आपल्यासारखीच कॅथलिक घरातली मुलगी. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, त्यात तिनं २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि ४ x १०० मीटर रिलेत रौप्य. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. पण जायला पैसे कुठले? तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनी नाचाचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांचे डाव लावले आणि पैसे उभे केले. हे वाचून मला आपल्या फेस्टची हौजी आठवली. आपण त्यातून चर्चचं छप्पर दुरुस्त करतो, वांद्र्याच्या लोकांनी एका मुलीला पळायला पाठवलं.

हेलसिंकीला त्या वर्षी भारताच्या चार मुली होत्या. धावायला मेरी आणि १७ वर्षांची नीलिमा घोष, पोहायला डॉली नझीर आणि अवघी ११ वर्षांची आरती साहा. मेरीनं नुकतीच २१ पूर्ण केली होती, म्हणजे आज माझं आहे तेच वय. १०० आणि २०० मीटर, दोन्हींत ती पहिल्याच फेरीत बाद झाली.

इथं मी फोन खाली ठेवला. एवढ्या लांब जाऊन पहिल्याच फेरीत बाद! मी असते तर बूट तिथंच टाकून आले असते.

ती मात्र १९५३ साली भारताच्या महिला हॉकी संघातून इंग्लंडला गेली. १९५४ साली मनिलाच्या आशियाई खेळांत स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राऊन यांच्याबरोबर तिनं रिलेचं सुवर्ण आणलं. सरकारला तिची आठवण यायला मात्र बराच वेळ लागला. ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी.

मामा तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. जेवताना ते म्हणाले, "बूट, बसभाडं, वर हाफ पँट घालून पळणार. लोक काय म्हणतील?" मी मेरीची गोष्ट सांगितली. मामी वाढता वाढता थांबली. मामा म्हणाले, "ती मुंबई गं. हे निपाणी."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मग मी बहिणीला माझ्या हीटची गोष्ट सांगितली, अभ्यासाचं खोटं कारणही सांगितलं. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "ताई, मग परत का पळली नाहीस?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

निघताना मामा म्हणाले, "बघूया की." आमच्याकडे 'बघूया'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच होतो. तरी घरी येऊन मी माळ्यावरचे बूट काढले. एकाचा सोल सुटलाय, तो चिकटवायला दिलाय. तिला एक नंबर मोठे होतील. पुढं कापूस घातला की बसतील.