सदाशिवगडापाशी वळणारी रेघ

कारवारच्या किनाऱ्यावरून समोरच्या पाण्याला अरबी समुद्र म्हणणारा माणूस कागदोपत्री चुकतो. मोनॅकोत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेची 'महासागर आणि समुद्रांच्या सीमा' नावाची पुस्तिका आहे. तिच्या १९५३च्या आवृत्तीत अरबी समुद्राची हद्द सदाशिवगडच्या दीपगृहापाशी किनारा सोडते आणि लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिम कडेने अड्डू बेटांपर्यंत उतरते. या रेघेच्या पूर्वेला लक्षद्वीप समुद्र. सदाशिवगड काळी नदीच्या उत्तरेला, कारवार दक्षिणेला. म्हणजे गोव्याहून येणाऱ्याने पूल ओलांडला, की समुद्रही बदलला! स्थानिक रापणकार हे ऐकून हसतील, आणि त्यांचं हसणं रास्तच ठरेल.

या रेघा आखल्या त्या दर्यावर्दींच्या सोयीसाठी. त्यांना राजकीय अर्थ नाही, असं पुस्तिका स्वतःच बजावते. हिंदी आणि अटलांटिक महासागरांची वाटणी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप अगुल्हासहून जाणाऱ्या रेखावृत्ताने होते. तिथले उष्ण आणि थंड प्रवाह मात्र ती जागा पाळत नाहीत. त्यांची भेट कधी अलीकडे होते, कधी पलीकडे.

दक्षिण महासागराची गंमत याच्या उलट. त्याच्या उत्तरेला जमिनीची सलग कडच नाही. अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाह हीच त्याची खरी ओळख. १९२८ आणि १९३७च्या आवृत्त्यांत तो होता, १९५३त वगळला गेला. पुढे अनेकांनी त्याची सीमा ६० अंश दक्षिण अक्षवृत्तावर धरली. ऑस्ट्रेलियाला मात्र तो थेट आपल्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत येतो असं वाटतं. नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांवर त्याला पाचवा महासागर म्हणून मान दिला तो २०२१मध्ये.

मग १९५३ची पुस्तिका बदलली का नाही? अडलं ते एका नावावर. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता, आणि दोहोंमधलं पाणी 'जपानचा समुद्र' म्हणून छापलं गेलं. दक्षिण कोरियाने १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर 'पूर्व समुद्रा'चा आग्रह धरला. दोन्ही बाजू हटेनात. नव्या आवृत्तीचे मसुदे तयार झाले, पण मंजूर झाले नाहीत.

अखेर २०२०मध्ये संघटनेने तोडगा काढला, तो अगदी तलाठी कार्यालयात शोभेल असा: नव्या डिजिटल व्यवस्थेत समुद्रांना नावांऐवजी सातबाऱ्यावरच्या गटांसारखे क्रमांक द्यायचे. जुनी पुस्तिका आजही उपलब्ध आहे. तिच्यात 'जपानचा समुद्र' आहे, दक्षिण महासागर नाही.