वचनाच्या मागचं, पुढचं

नगर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय भाचीबाईस,



तुझा लांबलचक निरोप वाचला. रात्रपाळी संपवून बसमध्ये उभ्याउभ्या लिहिलेला आहे, हे शुद्धलेखनावरूनच कळलं. फोन करणार होते, पण फोनवर मी उपदेश करते आणि तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस. म्हणून कागद घेतला. सवडीने वाच, पटलं नाही तर भांड.

तुझं दुखणं मला कळलं ते असं. रोज सकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर फुलाच्या चित्रावर छापलेलं एक वचन येतं. तू खाली "आमेन" टाकतेस, आणि डबा भरेपर्यंत ते विसरून गेलेली असतेस. नव्या वर्षाच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड फ्रिजवर चिकटवलंय. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याचेच बेत आहेत, असा त्याचा अर्थ. वर्ष सरत आलं तरी जावईबापूंना पुन्हा नोकरी नाही, घरभाडं तुझ्या एकटीच्या पगारातून जातंय, आणि ते कार्ड पाहिलं की धीर येण्याऐवजी चीड येते. मग त्या चिडीचीही लाज वाटते, आणि आपला विश्वासच कमी, असं तू मनाशी ठरवून टाकतेस.

माझं मत विचारशील तर तुझ्या विश्वासाला काही झालेलं नाही. तू वचनं वाचतेस, शास्त्र वाचत नाहीस, एवढंच.

फ्रिजवरचंच वचन घे. ते यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं. हा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते धाडलं. पण त्याआधी २८वा अध्याय वाच. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत बंदिवान परत येतील, लुटून नेलेली मंदिराची पात्रंसुद्धा परत येतील. लोकांना हवं तेच तो बोलतो. यिर्मया पत्रात लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परमुलखातच डोळे मिटायचे होते. तोवर करायचं काय, तेही तो सांगतो. घरं बांधा, मळे लावून त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून आणलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं सांगून, सत्तर वर्षांचा आकडा उच्चारून झाल्यावर, मग ते भल्याच्या बेतांचं वचन येतं.

कार्डावर ते सत्तर वर्षांचं वाक्य कुणी छापत नाही. त्यामुळे हनन्याचं आश्वासन आपण यिर्मयाच्या नावावर खपवतो, आणि डिसेंबर आला की देवाने शब्द मोडला असं वाटायला लागतं. बाबेलमधल्या एखाद्या बाईने ते पत्र ऐकलं असेल तेव्हा तिच्या पदरात काय पडलं, याचा विचार कर. आपल्या हयातीतल्या परतीची तारीख तर तिला मिळाली नाही. पण इथे लावलेलं झाड फुकट जाणार नाही, परक्या गावात जन्मलेलं आपलं लेकरू देवाच्या हिशेबातून सुटलेलं नाही, हे तिला कळलं. तुझ्या भाड्याच्या दोन खोल्यांना याहून नेमकं दुसरं कोणतं वचन लागू पडेल, मला तरी सुचत नाही. कार्ड काढू नकोस. शेजारी पेनने "सत्तर वर्षं" एवढं लिही.

हन्नाचंही आपण असंच करतो. तिची गोष्ट वाचताना शमुवेलाच्या जन्माकडे धाव घेतो, आणि मूल नसलेल्या बाईला सांगतो, "प्रार्थना कर, हन्नाला दिलं तसं तुलाही देईल." आता १ शमुवेलचा पहिला अध्याय सावकाश वाच. सवत पनिन्ना वर्षानुवर्षं डिवचते आहे. नवरा एलकाना मायेचा आहे, पण "दहा मुलांपेक्षा मी तुला कमी आहे का?" अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळा होतो. बायकांच्या दुःखावर नवऱ्यांची अशी उत्तरं तेव्हापासूनची आहेत. शिलोच्या मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात, तर एली याजकाला वाटतं ही प्यायली आहे. हन्ना गप्प बसत नाही. आदर राखून पण स्वच्छ सांगते की मी प्यायलेली नाही, दुःखी आहे. तेव्हा कुठे एली तिला शांतीने जा म्हणतो. ती उठते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहत नाही.

हे जेवण नीट लक्षात ठेव. अजून तिला दिवस गेलेले नाहीत. पनिन्ना तिथेच आहे, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून त्याच घरी परतायचं आहे. शास्त्राने तिच्या चेहऱ्याची नोंद बाळाच्या आधी केली आहे. जिला पुढे बाळ झालंच नाही अशा बाईलाही या अध्यायात जागा आहे ती यामुळे.

मार्थेचं तर मला वकीलपत्र घ्यावंसं वाटतं. महिला मंडळात कुणी कामात बुडाली की लगेच तिला "मार्था" म्हणतात. लूकच्या १०व्या अध्यायातल्या तिच्या धांदलीच्या पाच वचनांवरून तिला कायमची शिक्षा! योहानाचा ११वा अध्याय उघडून बघ. तिचा भाऊ लाजर मेला आहे, येशू उशिरा आला आहे. बहीण मरीया घरात बसून आहे आणि मार्था गावाबाहेर त्याला गाठायला जाते. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं तोंडावर ऐकवते. आणि त्याच संभाषणात, तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली देते. पेत्राच्या ज्या कबुलीवर इतके उपदेश होतात, तीच कबुली इथे स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईच्या तोंडी आहे, तीही घरात सुतक असताना, तक्रारीच्या पाठोपाठ. तुला देवावर चीड येते ना? मार्थेच्या पंगतीला बस.

आता तुझ्या सासूबाईंच्या आवडीचा अध्याय, नीतिसूत्रे ३१. सद्गुणी स्त्री पहाटे उठते, सूत कातते, रात्री तिचा दिवा विझत नाही. तू लिहिलंस की हा अध्याय ऐकला की तुला आपली हजेरी घेतल्यासारखं होतं. त्यांना दुखवू नकोस, पण तुझ्यापुरतं हे माहीत असू दे. त्या बावीस ओळी मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने रचल्या आहेत, एकेका अक्षराची एकेक ओळ. म्हणजे ती एका दिवसाची दिनचर्या नव्हे, अ पासून ज्ञ पर्यंत केलेलं कौतुक आहे. एका जन्माची कामगिरी त्यात आहे. शिवाय त्या बाईच्या घरी दासी आहेत, तुझ्याकडे धुण्याची बाईसुद्धा नाही. ती स्वतः पारखून शेत विकत घेते, याकडे तर कुणी बघतच नाही. आणि हा अध्याय लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण म्हणून सुरू होतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने तोंड उघड, गरिबाचा न्याय कर, असं ती मुलाला आधी बजावते. सद्गुणी स्त्रीचं कौतुक त्यानंतर येतं.

तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या त्या आजारी बाईंविषयी तू लिहिलंस, ते वाचून मात्र मला राग आला. भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणे, विश्वास पुरा असता तर एव्हाना बऱ्या झाला असता. अशा वेळी मार्क ५ आठव. बारा वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई. पुष्कळ वैद्य केले, होतं नव्हतं ते घालवलं, गुण आला नाहीच, उलट दुखणं वाढलं, असं मार्क सरळ लिहितो. (लूक स्वतः वैद्य. त्याने हा शेरा बराच सौम्य केलाय. तुझ्या डॉक्टरांना सांग, हसतील.) नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, म्हणून गर्दीत चोरून शिवली. येशू याईराच्या मरणाला टेकलेल्या मुलीकडे निघाला होता, तरी तो थांबला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सर्वांसमोर तिला मुलगी म्हणाला.

ती बरी झाली हे खरं. पण त्याच नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, पौल सहज लिहून जातो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. ज्या पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि पौलाने त्याच्या विश्वासावर एका शब्दाने ठपका ठेवला नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही तीनदा विनवून निघाला नव्हता. त्या बाईंच्या उशाशी बसायला मिळालं तर त्यांना त्रफिमाविषयी सांग.

हे असं वाचणं ही माझी युक्ती नव्हे. तुझ्या पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथे मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्याच्या मुळाशी काय होतं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या सिस्टर्सचं काम त्यांनी पाहिलं. ही माया कुठून येते, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाचा ४था अध्याय वाचून दाखवला. एखादं सुटं वचन नव्हे, शोमरोनी बाईची विहिरीवरची सबंध हकिगत. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या त्या विदुषीला, पाच नवरे झालेल्या एका परजातीच्या बाईशी येशू इतका वेळ बोलत बसला, यातच उत्तर सापडलं.

पुढे दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा केडगावात अक्षरं गिरवू लागल्या. त्यांना शास्त्र कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवायला बसल्या. मुक्तीतल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. गरीब बाईच्या हाती संपूर्ण शास्त्र असावं यासाठी कुणीतरी इतकी वर्षं घासली आहेत, आणि आपण त्यातलं रोज एक वाक्य फुलाच्या चित्रावर बघून फोन ठेवून देतो.

आता करायचं काय, तेवढं लिहून थांबते. तुला वेळ नाही हे मला मान्य आहे, म्हणून रोज तीन अध्यायांचा नेम मी सांगणार नाही. रूथचं पुस्तक चार अध्यायांचं आहे, एका बसप्रवासात होतं. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं, ते फोनवर ऐकत भांडी घास. मन कडू झालं असेल तेव्हा १३वं स्तोत्र वाच, त्यात सहाच वचनं आहेत. फारच अंधार असेल तर ८८वं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलंय. काहीही वाचलंस तरी एवढं विचार, हे कोण बोलतंय, कोणाला, आणि याच्या आधी काय झालं? एवढ्याने निम्मी वचनं जागी होतात.

सासूबाईंना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही म्हणतेस. मग त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि लेकराला मांडीवर घे. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असं पौल लिहितो. तीमथ्याच्या घरी सासू-सून का मायलेकी, मला ठाऊक नाही, पण दोघी मिळून त्या पोराला शास्त्र शिकवत असाव्यात असं दिसतं.

आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर तुझी पाळी येईल तेव्हा नुसतं चित्र टाकू नकोस. वचनाखाली अध्यायाचा आकडा दे, आणि त्याच्या आधी काय घडलं ते एका ओळीत लिही. दहापैकी दोघींनी पुस्तक उघडलं तरी पुष्कळ झालं. सुरुवात हन्नापासून कर. या आठवड्यात १ शमुवेल १ सासूबाईंना वाचून दाखव, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मावशी