आमचं ग्राउंड स्कूल

आमच्या घराण्यात आजवर कुणी उडालेलं नाही. म्हणजे गणितात उडालेले पुष्कळ आहेत, एक चुलते नोकरीतून उडाले होते. पण हवेत म्हणून कुणी गेलं नाही. उंची गाठण्याचा घराण्यातला विक्रम आमच्या वडिलांच्या नावावर आहे. ते एकदा दौलताबादच्या किल्ल्यावर थेट बारादरीपर्यंत चढले आणि उतरल्यावर आठ दिवस पायांना तेल चोळून घेत बसले. मी स्वतः पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं काढली. पाणी वरून खाली जातं, एवढं एकच सत्य त्या नोकरीत मला नीट कळलं. माणसानंही उगाच फार वर जाऊ नये असा त्याचा अर्थ लावून मी गारखेड्यात तळमजल्याचं घर बांधलं आणि स्वस्थ बसलो.

अशा घरात आमची बारावी झालेली नात एका रविवारी पोह्यांची बशी हातात धरून म्हणाली, "आबा, मी पायलट होणार."

कुणीच काही बोललं नाही. चिरंजीवांच्या घशात शेंगदाणा अडकला. पायलट म्हणजे वर्षं किती, खर्च किती, हे हिशेब त्यांच्या कपाळावर उमटलेले मला लांबून वाचता येत होते. आमची ही मात्र शांतपणे म्हणाली, "आधी पोहे संपव. मग उड."

नातीनं सगळी माहिती काढून ठेवली होती. पायलटच्या धंद्यालायक लायसनसाठी २०० तास विमान चालवावं लागतं. पण ते पुढचं. त्याआधी किंवा त्याच्याबरोबर डीजीसीएचे लेखी पेपर द्यायचे. नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. शिवाय रेडिओवर बोलण्याची परीक्षा निराळी. पास व्हायला १०० पैकी ७० मार्क. आमच्या वेळी ३५ ला पेढे वाटत, त्यामुळे हा आकडा ऐकून मला त्या खात्याबद्दल एकदम आदर वाटू लागला.

"आणि हे शिकवतात कुठं?" मी विचारलं.

"ग्राउंड स्कूलमध्ये. दिल्लीला चांगले फुल-टाइम क्लास आहेत."

"इश्श्य! ग्राउंडसाठी दिल्लीला कशाला?" ही म्हणाली. "आपलं क्रीडा संकुलाचं ग्राउंड काय वाईट आहे? मी रोज दोन चकरा मारते की."

विमान उडवण्याची शाळा जमिनीवर भरते, म्हणून ती ग्राउंड स्कूल, हे तिला समजावून सांगण्यात पोहे गार झाले. ते क्लास दिल्लीत द्वारका नावाच्या भागात आहेत, हे कळल्यावर मात्र ती थोडी विरघळली. देवाच्या गावी सहसा वाईट शिकवत नाहीत, असा तिचा समज आहे.

खरी भानगड पुढंच होती. हे पेपर देण्यासाठी अमुकच वर्गात बसलं पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. वाटल्यास दिल्लीला जाऊन खोली घेऊन दिवसभर वर्गात बसा, वाटल्यास घरी बसून संध्याकाळी फोनवरून शिका आणि पेपर द्या. पेपर तपासणाऱ्याला तुम्ही कुठं शिकलात याचं काही देणंघेणं नाही. सक्ती असती तर फार बरं झालं असतं. मध्यमवर्गीय माणूस सक्तीनं कधी गोंधळत नाही. तो गोंधळतो निवड आली की!

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले.

चिरंजीव घरपक्षाचे पुढारी. ते वाळूजच्या कंपनीत पर्चेस खात्यात आहेत, त्यामुळे तीच वस्तू स्वस्तात मिळत असताना महाग घेणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. "पुस्तकं तीच, पेपर तोच. मग दिल्लीच्या खोलीचं भाडं कशासाठी?" हा त्यांचा सवाल. आमची ही त्यांच्या बाजूला. तिचा मुद्दा वेगळा होता. पोर डोळ्यांसमोर राहील, बस्स.

दिल्लीपक्षात सूनबाई एकट्या; पण त्या अनुभवाच्या बळावर बोलत होत्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी संसार सांभाळून पदव्या घेतल्या. सूनबाई त्यांतल्याच. "मी बी.ए. घरी बसून केलं," त्या म्हणाल्या. "पुस्तक उघडलं की कुकर शिट्टी मारायचा आणि पुस्तक मिटलं की सासूबाई म्हणायच्या, 'झाला का अभ्यास?' घरातल्या माणसाला घरी बसलेलं माणूस मोकळंच दिसतं."

हिनं त्या वेळी एकदम भाजी निवडायला घेतली.

मी अध्यक्ष. म्हणजे दोन्हीकडून ऐकायचं आणि मान हलवायची. मनातून मात्र मला घरी शिकण्याची धास्ती होती. १९७८ साली मी 'घरबसल्या इंग्रजी संभाषण' असा पोस्टानं येणारा कोर्स लावला होता. दर महिन्याला व्ही.पी. यायची, पैसे भरून पाकीट सोडवायचं आणि गादीखाली ठेवायचं. पहिले चार धडे मी खरोखर केले. चौथा धडा रेल्वे स्टेशनवरचा होता. त्यामुळे आजही मी तिकीट मागण्यापासून फलाट विचारण्यापर्यंत अस्खलित इंग्रजी बोलतो. गाडीत बसल्यावर मात्र मराठी.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक सल्ला द्यायला न बोलावता आले. त्यांनी एकलव्याचं उदाहरण दिलं. पत्रद्वारा शिक्षणाचा तो आद्य विद्यार्थी. गुरूचा नुसता पुतळा समोर ठेवून शिकला आणि अर्जुनाच्या तोंडचं पाणी पळवलं.

"पण सर, त्याला फी शेवटी अंगठ्याची पडली," सूनबाई आतून म्हणाल्या. "रेग्युलर वर्गातल्या अर्जुनाचा अंगठा शाबूत राहिला."

मुख्याध्यापक चहा न घेता गेले.

नातीनं मग स्वतःच तोड काढली. ती म्हणाली, युरोपात पायलटच्या अभ्यासाला दोन्ही वाटा आहेत. पण घरून शिकणाऱ्यालाही एकूण तासांपैकी निदान एक दशांश वर्गात बसावंच लागतं. "म्हणजे त्यांनाही माहीत आहे की सगळं घरी होत नाही आणि सगळ्यासाठी वर्गही लागत नाही. मी एक पेपर घरून देऊन बघते. जमलं तर पुढं बोलू."

असं आमच्या घरात ग्राउंड स्कूल सुरू झालं. मधल्या खोलीला वर्गाचा मान मिळाला. संध्याकाळी सात ते नऊ फोनवर वर्ग. नेमका त्याच वेळी नळ यायचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे तो आला की घरात लग्नघाई उसळते. शिक्षक दिल्लीहून ढगांचे प्रकार सांगत असायचे आणि इकडून मी ओरडायचो, "टाकी भरली का बघ!" एकदा नातीचा माइक चालू राहिला होता. देशभरच्या भावी वैमानिकांना त्या दिवशी कळलं की गारखेड्यात पाणी आलंय.

पण ज्ञान घरात पसरत होतं, हे खरं. नाती-आजोबांत विषयांची देवाणघेवाण होऊ लागली. आपलं घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं. आपण राहतो सुमारे ७५ अंश २० मिनिटांवर. एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो. म्हणजे आपल्या गावचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ २९ मिनिटं मागं. हे समजल्यापासून मी सकाळी अर्धा तास उशिरा उठतो आणि हिनं काही म्हटलं की सांगतो, "मी वेळेवरच आहे. घड्याळ मिर्झापूरचं आहे."

रेडिओवरची अक्षरंही आम्ही पाठ केली. नात मोठ्यानं घोकायची, "गोल्फ, अल्फा, रोमिओ, किलो, हॉटेल, एको, डेल्टा, अल्फा." ही स्वयंपाकघरातून पदर खोचत बाहेर आली. "हा रोमिओ कोण? आणि हॉटेलात कशाला?" ते 'गारखेडा'चं स्पेलिंग आहे हे पटवायला मला पाटीवर लिहून दाखवावं लागलं.

रेग्युलेशन्सचा पेपर नातीनं घरच्या अभ्यासावर दिला आणि ८३ मार्क मिळवले. घरपक्षाचा विजय झाला. चिरंजीवांनी पेढे आणले, दिल्लीच्या भाड्याचे किती पैसे वाचले ते पेढे खाताना दोनदा सांगितलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत.

मग नॅव्हिगेशन आणि हवामान सुरू झालं. नातीकडं प्रश्नांची एक जाडजूड पेढी होती. हजारो प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड. संध्याकाळी मी प्रश्न विचारायचो आणि ती प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. मला तिचं कौतुक वाटायचं. पण पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं बिलं तपासल्यामुळं एक खोड अंगात मुरली आहे. फार पटकन आलेला आकडा मला बरोबर वाटत नाही.

एका संध्याकाळी मी गुपचूप उत्तरांची अदलाबदल केली. 'ब'चं उत्तर 'क'ला वाचायचं आणि 'क'चं 'ब'ला. प्रश्न अल्टिमीटरचा होता, म्हणजे विमानाची उंची दाखवणाऱ्या काट्याचा. जास्त दाबाच्या हवेतून कमी दाबाच्या हवेत विमान गेलं आणि काटा नव्या दाबाला लावून घेतला नाही, तर काय होईल?

"ब," नात म्हणाली.

"'ब' म्हणजे काय?"

"विमान..." ती थांबली. "आबा, तुम्ही वाचलंत ना आत्ता?"

मी वाचलं होतं. 'ब' म्हणजे, विमान काट्यापेक्षा प्रत्यक्षात वर असेल. बरोबर उत्तर नेमकं उलटं होतं.

ही दारात लसूण सोलत बसली होती. तिनं विचारलं, "खरं उत्तर काय मग?"

नात हळू आवाजात म्हणाली, "काटा जास्त उंची दाखवतो. विमान खरं म्हणजे खाली आलेलं असतं."

"म्हणजे काट्याला वाटतं आपण वर आहोत आणि आपण असतो खाली?"

"हो."

"आणि खाली डोंगर असला तर?"

कुणीच बोललं नाही. बाहेर सूतगिरणी चौकाकडून रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

या गावातल्या आमच्या वयाच्या माणसाला २६ एप्रिल १९९३ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दुपारी चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की हिच्या हातातलं लाटणं थांबतं. आवाज लांब जाईपर्यंत पोळी तशीच राहते. इतकी वर्षं मी ते पाहत आलो आहे. विचारलं कधी नाही. घरपक्षात ती का होती, हेही मला त्या संध्याकाळी कळलं. घरी राहिली तर उडायचं आपोआप मागं पडेल, अशी तिची आशा होती.

लसणाच्या पाकळ्या ताटलीत ठेवून ती उठली आणि नातीला म्हणाली, "तू उडू नकोस असं मी शंभरदा मनात म्हटलं. तू ऐकणार नाहीस. मग शिकायचं तर नीट शीक. पास होण्यापुरतं नको. दिल्लीला जा."

"आजी, तिथंही पुष्कळ जण हीच पेढी घोकतात," नात प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग जिथला मास्तर 'का' विचारतो तिथं जा. तुझ्या आबांना 'का' विचारता येत नाही, त्यांना नुसती बेरीज तपासता येते."

हे माझ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन होतं की मी हरकत घेतली नाही. शिवाय नातीनंच मला शिकवलेला एक हिशेब माझ्या डोक्यात फिरत होता. विमानाची दिशा एक अंशानं चुकली तर ६० मैलांवर ते एक मैल बाजूला गेलेलं असतं. घरी एकट्यानं शिकताना तो एक अंश कुणाला दिसत नाही. आपल्याला तर नाहीच, कारण मार्क चांगले पडत असतात. वर्गात निदान शेजारी बसलेली एखादी पोरगी म्हणते, "अगं, उलटं आहे ते."

चिरंजीवांनी बराच वेळ छताकडं पाहिलं आणि मग पर्चेस खात्याला शोभेल असं विचारलं, "खोली दोघींत घेतली तर भाडं किती पडतं?" यालाच आमच्याकडं होकार म्हणतात. त्यांनी एवढंच पदरात पाडून घेतलं की हवामानाचा पेपर तिनं घरूनच, पण पेढी मिटून, पुस्तकावरून करायचा. नॅव्हिगेशन आणि टेक्निकलसाठी मात्र दिल्ली. सूनबाईंनी त्या रात्री न सांगता शिरा केला.

महिनाभरानं आम्ही सगळे तिला सचखंड एक्सप्रेसवर सोडायला गेलो. गाडी लेट होती. मी फलाटावर येरझाऱ्या घालत चिडचिड करू लागलो तेव्हा नात म्हणाली, "आबा, गाडी लेट नाही. लोकल टाइमनं चालली आहे." हिनं पोरीच्या पिशवीत लाडूंचे दोन डबे कोंबले आणि द्वारकेला देऊळ सापडलं तर जाऊन ये म्हणून बजावलं. गाडी सुटल्यावर आम्ही चौघं रिक्षात बसलो ते गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंत कुणी बोललं नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. ही पुढं झाली.

"आजी, आज सरांनी मला वर्गात उभं केलं."

"चुकलीस?"

"नाही. उत्तर बरोबर होतं. पण 'का' ते सांगता आलं नाही, म्हणून उभं केलं."

हिनं फोन माझ्याकडं दिला आणि समाधानानं म्हणाली, "जागा बरोबर सापडली."

संध्याकाळी चिकलठाण्याहून विमान उडालं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं, नेहमीसारखंच. आवाज लांब गेला, विरला. तेव्हा ती म्हणाली, "नीट शिकलेला दिसतोय," आणि पोळी तव्यावर टाकली.